बर्लिनला साउंड आर्टसाठी यायचंय म्हणताय, तर…

तुमचा प्रश्न तीनदा वाचला. पुण्यात जाहिरातींचं साउंड डिझाइन करता, आता स्वतःचं काम करायचंय, इन्स्टॉलेशन, आवाज आणि व्हिडिओ एकत्र, बर्लिनबद्दल खूप ऐकलंय, बायको आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर येणार, "सीन कसा आहे सर, आणि जमेल का?" पहिलं म्हणजे मी सर नाही, बाई आहे, इथे येऊन नऊ वर्षं झाली. दुसरं म्हणजे व्हिसाचे प्रकार, कागदांची यादी, बँकेत किती पैसे दाखवायचे हे सगळं सरकारी साइटवर आहे आणि बदलत राहतं, ते तिथेच बघा. बाकीचं सांगते. लांबेल जरा.

सीन आहे. खराखुरा आहे. बाहेरच्यांना माहीत असतात ते मोठे फेस्टिव्हल. जानेवारीच्या शेवटी सीटीएम आणि ट्रान्समेडियाले साधारण एकाच सुमारास. ट्रान्समेडियाले १९८८ मध्ये व्हिडिओचा फेस्टिव्हल म्हणून सुरू झालं आणि सीटीएम १९९९ मध्ये त्याला लागूनच, क्लबमधल्या आवाजांसाठी. मार्चमध्ये मेर्त्सम्युझीक, समकालीन संगीताचं. मग बर्लिन एटोनाल, ते १९८२ ते १९९० चाललं, मग बंद, आणि २०१३ ला परत आलं, क्राफ्टवेर्क नावाच्या जुन्या वीज-उष्णता केंद्रात. नुसतं काँक्रीट, आणि छत कुठेतरी लांब वर. मी पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा बास मला कानाच्या आधी दाढेत जाणवला. आपण गणपतीच्या मिरवणुकीत डीजेसमोर वाढलेली माणसं, आपल्याला मोठ्या आवाजाचं काय कौतुक, पण हे वेगळं होतं, एवढ्या आवाजात हजारभर माणसं गप्प उभी होती.

पण तुम्ही जगणार आहात ते या फेस्टिव्हलांमध्ये नाही. रोजचा सीन म्हणजे आउसलांड, प्रेन्त्सलाउअर बेर्ग भागातलं तळघर, २००२ पासून चालू आहे. किंवा नॉयकॉल्न भागात कार्ल-मार्क्स-श्ट्रास या रस्त्यावरचं केएम२८. वेडिंग नावाच्या भागात सायलेंट ग्रीन, जे पूर्वी चक्क स्मशानगृह होतं, विद्युतदाहिनीसारखं म्हणा, आणि आता तिथे कॉन्सर्ट होतात (हे मी आईला अजून सांगितलेलं नाही). लहान जागांमध्ये वीस-तीस माणसं, दारात पैशांचा डबा, त्यात पडेल ते वाजवणाऱ्यांत वाटून घ्यायचं. इथे एक जुना प्रवाह आहे, एश्टत्साइटमुझीक म्हणतात, म्हणजे त्या क्षणी तिथल्या तिथे घडणारं संगीत, नव्वदच्या दशकातून आलेलं. त्यात ट्रम्पेटमधून सूर निघतच नाही, नुसती हवा. पहिले दोन महिने मला हसू यायचं. तिसऱ्या महिन्यात घरी येऊन मी फ्रिजचा आवाज ऐकत बसले होते, नवऱ्याला वाटलं फ्रिज बिघडला.

तुम्ही बहुचॅनेल कामाबद्दल, म्हणजे प्रत्येक स्पीकरला वेगळा आवाज देण्याबद्दल विचारलंय तर टेक्निकल युनिव्हर्सिटीत एका साध्या लेक्चर हॉलच्या भिंतींमध्ये वेव्ह फील्ड सिंथेसिसची, म्हणजे ढीगभर स्पीकर मिळून आवाज खोलीत हव्या त्या जागी उभा करायची सिस्टिम आहे, ८३२ चॅनेल आणि २७०० च्या वर स्पीकर, त्याच बाकांवर सकाळी इंजिनियरिंगची पोरं झोपतात. नालेपाश्ट्रासचं फुंकहाउस म्हणजे पूर्व जर्मनीच्या रेडिओचं जुनं केंद्र, तिथल्या श्रुतिकांच्या स्टुडिओत एकाच जिन्याला वेगवेगळे पृष्ठभाग आहेत, पावलांचे वेगवेगळे आवाज मिळावेत म्हणून. टूर मिळाली तर मुलीला घेऊन जा.

आल्या आल्या पोर्टफोलिओची लिंक पाठवत सुटू नका. मी तेच केलं, एकाही जागेने उत्तर दिलं नाही. माझी पहिली ओळख केबल गुंडाळण्यातून झाली. कार्यक्रम संपला, मी खुर्च्या उचलायला लागले, मग केबल, आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या माणसाने बघितलं की हिला पीळ न पडता गुंडाळता येते. पुढच्या महिन्यात त्याने मला तिथे वाजवायला वीस मिनिटं दिली.

पैसे. या कामावर घर चालवणारी माणसं मला इथे हाताच्या बोटांवर भेटली. मी दिवसा ऑनलाइन कोर्सचे ऑडिओ साफ करते, लोकांचे श्वास कापते थोडक्यात. अनुदानं आहेत, शहराची, म्युझिकफोंड्स आणि हाउप्टश्टाटकुल्टुअरफोंड्स या कलेसाठीच्या निधींची, पण डिसेंबर २०२४ मध्ये शहराने २०२५ च्या सांस्कृतिक बजेटमधून जवळपास १३ कोटी युरो कापले आणि तेव्हापासून तोच डबा आणि हात जास्त असं झालंय. कलाकारांच्या विम्याची केएसके म्हणून सोय आहे, १९८३ पासूनची, विमा आणि पेन्शनचा अर्धाच भार तुमच्यावर येतो, ती मिळाली तर सोडू नका. आणि घरी आवाज करता येणार नाही हे धरून चाला. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, रविवारी अख्खा दिवस. आमच्या जिन्यात एकदा चिठ्ठी लागली होती की तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी यंत्र चालवतंय. यंत्र नव्हतं, माझी दोन वर्षांची मेहनत होती ती.

कागदपत्रांवर बोलणार नव्हते. पण एकच. एका ऑफिसात, कुठल्या ते जाऊ दे, मला विचारलं, तुम्ही संगीतकार तर नोटेशन कुठंय? म्हटलं नोटेशन नसतं, मी पुलांना काँटॅक्ट माइक लावते, म्हणजे वस्तूला चिकटवून तिची थरथर ऐकणारा माइक. बाईंनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, मग ते तुमचं काम की पुलाचं? आता हा प्रश्न एखाद्या टॉकमध्ये कुणी विचारला असता तर लोकांनी माना डोलावल्या असत्या. मी तिथे घाम पुसत होते. पुढे आठ महिने माझ्या हातात एक तात्पुरता कागद, त्याचं जर्मन नाव भाषांतर केलं तर 'कल्पिताचा दाखला' असं होतं, म्हणजे अर्जाचा निकाल लागेपर्यंत तुमची परवानगी आहे असं मानायचं. आठ महिने मी मानण्यावर इथे होते. त्यात सख्ख्या चुलतबहिणीचं लग्न झालं. गेले नाही, परत येताना अडवलं तर काय, ही भीती. ती अजून नीट बोलत नाही.

एकटेपणा असतो. डिसेंबरमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो. व्हिटॅमिन डी घ्या, मराठी मंडळी आहेत, दिवाळीला फराळ मिळतो. पुढे.

शाळा. हे तुम्ही एका ओळीत विचारलंय, "मुलीच्या शाळेचं काही टेन्शन नाही ना?" साइटवर मिळेल की बर्लिनला प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, जर्मनीत बहुतेक ठिकाणी चौथीपर्यंत, आणि भाषा न येणाऱ्या मुलांसाठी वेगळा स्वागतवर्ग असतो. आमचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा. पहिल्या वर्षी बोलावणं आलं. टीचर चांगल्या होत्या, खरंच, चहा दिला मला. म्हणाल्या तो वर्गात गुणगुणतो. गाणं नाही, एकच सूर, लांब. सांगितलं की थांबतो, मग परत. त्यांना वाटत होतं त्याला नीट ऐकू येत नाही, किंवा लक्ष लागत नाही, किंवा दोन्ही. कानाची तपासणी करायला सांगितली. केली. कान ठणठणीत. मग बाकीच्या तपासण्या, फॉर्म, आणखी एक फॉर्म ज्यात विचारलं होतं मूल घरी कुठली भाषा 'वापरतं', आणि आम्हाला सल्ला की घरी थोडं जर्मन बोलता आलं तर बरं.

मी त्याला सांगितलं, वर्गात आवाज करायचा नाही. प्रेमाने सांगितलं आधी. मग ओरडून. तो कल्पित दाखला पर्समध्ये होता तेव्हा माझ्या, मला वाटायचं शाळेतली एक तक्रार कुठून कुठे जाईल कुणी सांगावं. असं काही नसतं. तेव्हा कोण सांगणार होतं.

तो थांबला. दोन-तीन महिन्यांत पूर्ण थांबला.

त्यानंतर पालकांची मीटिंग होती, संध्याकाळी, त्याच वर्गात, त्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही सगळे. कुणीतरी सहलीच्या पैशांबद्दल बोलत होतं, माझं जर्मन तेव्हा यथातथाच, अर्ध्यावर सोडून मी नुसती बसले. आणि वरच्या ट्यूबलाइट ऐकू आल्या. वीज पन्नास हर्ट्झची, आपल्याकडेही तीच आणि इथेही तीच, त्यामुळे जुन्या ट्यूबचा चोक दुप्पट, शंभर हर्ट्झवर घुमतो. आणि त्याच्या दोन सप्तकं वर, बरोब्बर तोच सूर, जो माझा मुलगा लावायचा. घरी फ्रिजपाशीसुद्धा तोच लावायचा, मला माहीत होता तो सूर. पोरगं ट्यूबलाइटला सूर धरत होतं. वर्गात ज्याला ऐकू येत नाही म्हणून तपासण्या झाल्या त्या एकट्यालाच ती ट्यूब ऐकू येत असणार.

मी हात वर करून सांगायला हवं होतं. निदान नंतर थांबून टीचरना. वाक्य मनात जुळवलं, 'चोक'ला जर्मन शब्द आठवेना, तोवर सगळे कोट घालायला लागले. मीही घातला.

त्याच आठवड्यात मी केएम२८ ला एका बाईचं ऐकायला गेले. चाळीस मिनिटं एकच सूर, तोंड मिटून. पंचवीस माणसं डोळे बंद करून बसलेली. मी मध्येच उठून बाहेर आले, म्हटलं खोकला आलाय.

आता सोळाचा आहे. जर्मन माझ्यापेक्षा किती तरी चांगलं बोलतो, मराठी कळतं, उत्तर जर्मनमध्ये देतो. मागच्या महिन्यात मी विचारलं, तुला आठवतं का तू वर्गात गुणगुणायचास? हेडफोन न काढता जर्मनमध्येच म्हणाला, नाइन, म्हणजे नाही.

तुम्ही या की नका येऊ, हे मी सांगू शकत नाही, मी स्वतः दर फेब्रुवारीत परत जायचं ठरवते आणि मेमध्ये विसरते. पण तुमच्या मेसेजमध्ये स्पीकरबद्दल अकरा ओळी आहेत आणि मुलीबद्दल एक. ती कशी आहे, गप्प बसते की बडबड करते, एकटी असताना काय आवाज काढते, ते लिहून पाठवा. मग शाळेचं बोलू.