‘तिकडे तर सगळं पेटलेलं असतं, मॅडम’

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस पेटलं आणि तेव्हापासून मुलांच्या परदेशी शिक्षणासाठी सल्ला देणाऱ्या ठाण्यातल्या माझ्या ऑफिसात पालकांचा एक नवा प्रश्न यायला लागला. आधी व्हिसा, मग गोळीबार, आणि आता वणवा. ‘मुलाला कॅलिफोर्नियाला पाठवावं का हो?’ प्रश्न अगदीच उगाच नाही. पॅलिसेड्स आणि ईटन या दोन वणव्यांत मिळून १६ हजारांहून जास्त बांधकामं खाक झाली, तिथल्या यूसीएलए विद्यापीठाचे वर्ग ऑनलाइन गेले, कॅलटेक या दुसऱ्या विद्यापीठाशी संबंधित कित्येकांची घरं जळाली. आपण ते सगळं जेवताना मोबाइलवर पाहिलं, आणि जेवताना पाहिलेलं जरा जास्तच लक्षात राहतं.

सायली (नाव बदललंय) घोडबंदर रोडला राहते. एमएससाठी दोन ठिकाणचे ॲडमिट, म्हणजे प्रवेशपत्रं, हातात होते: एक कॅलिफोर्नियातल्या सान फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियातलं, दुसरं न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोचं. तिला बे एरिया हवा होता, कारण उघड आहे, कंपन्या तिथे आहेत. बाबांचा ठाम नकार. ते तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर. आई फारसं बोलत नव्हती. बाबांनी फोन पुढे केला, त्यात आगीचे व्हिडिओ एकाखाली एक साठवलेले. ‘मॅडम, आमच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो. मार्च-एप्रिलमध्ये रात्री तिथे वणव्याची लाल रेघ दिसली तरी मी झोपत नाही. आणि हिला मी तिथे पाठवू?’

मी त्यांना विचारलं, ‘तुमच्या प्लांटला गॅस लीक झाला तर बाहेर पडल्यावर पहिल्यांदा काय बघता?’

‘विंडसॉक. वारा कुठून कुठे वाहतोय ते.’

‘मग इथेही तेच बघू या ना.’

त्यानंतरचा तासभर आम्ही नकाशावर होतो. येऊरचा वणवा आणि तिकडचा वणवा यांचं गणित वेगळं आहे. आपल्याकडे पाऊस उन्हाळ्यानंतर धो धो येतो आणि वणव्याचा मोसम मिटवतो. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यातला. उन्हाळा सगळा कोरडा जातो, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत झुडपं काडीसारखी वाळतात आणि नेमके तेव्हाच आतल्या वाळवंटाकडून समुद्राकडे कोरडे वारे सुटतात. दक्षिणेत त्यांना सांता आना म्हणतात. २०२५ ला हिवाळ्याचा पाऊसच लांबला, म्हणून जानेवारीतही तसाच भडका उडाला. म्हणजे धोका सगळ्या राज्यावर वर्षभर सारखा पसरलेला नसतो. डोंगर-उतार, झुडपं, वारा आणि महिना, हे चार एकत्र आले की तो असतो. लॉस एंजेलिसहून बे एरिया रस्त्याने साडेपाचशे-सहाशे किलोमीटर, जवळपास ठाणे ते गोवा. गोव्यात डोंगर पेटला म्हणून आपण ठाण्यातली ॲडमिशन रद्द करत नाही.

बाबा थोडे सैल झाले. पण मी त्यांना फार सैल होऊ दिलं नाही, कारण ज्वाला लांब असल्या तरी धूर येतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातलं पॅराडाइस नावाचं गाव ‘कॅम्प फायर’ नावाच्या वणव्यात जळालं, ८५ माणसं गेली. तिथून अडीचशे किलोमीटरहून लांब असलेल्या बे एरियातल्या सान होजे स्टेट विद्यापीठाचे वर्ग त्या धुरामुळे रद्द करावे लागले. बर्कलीचेही. २०२० च्या ऑगस्ट-सप्टेंबरात बे एरियात हवेचा इशारा सलग ३० दिवस लागू होता. ९ सप्टेंबरला तर सान फ्रान्सिस्कोत भरदिवसा आकाश नारिंगी होतं, लोकांनी दिवे लावून कामं केली. बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला वणवा येतो तो असा: खिडक्या बंद, लॅब बंद, मैदान बंद, लेक्चर लॅपटॉपवर.

इथे आई पहिल्यांदा बोलल्या. ‘हिला दमा आहे.’

म्हणजे खरी काळजी ही होती. फॉर्ममध्ये ‘आजार’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलं होतं. लग्नाच्या स्थळाला सांगत नाहीत तसं कॉलेजलाही सांगत नाहीत आपल्याकडे! सायली म्हणाली, ‘आई, इथेही दिवाळीनंतर इनहेलर लागतोच ना.’ ते खरं होतं, आणि मग मी तिला एक आकडा दाखवला, जो मुलं हमखास चुकीचा वाचतात. आपला एक्यूआय, म्हणजे हवा किती वाईट आहे ते सांगणारा आकडा, आणि अमेरिकेचा एक्यूआय एक नाही. पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिबारीक कण, दिवसभराच्या सरासरीत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असतील तर आपल्या पट्टीवर तो १०० येतो, ‘समाधानकारक’. तेवढ्याच हवेला अमेरिकेची पट्टी दीडशेच्या वर मोजते, म्हणजे सगळ्यांसाठीच अपायकारक. तेव्हा ‘तिकडे दीडशे म्हणजे आपल्या घोडबंदरला रोजचंच’ असं म्हणत मुली फिरायला जातात, तर तसं नाही, किंवा आपलं रोजचंच तितकं वाईट आहे. दोन्ही अर्थ घ्या.

मी त्यांना आधी छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दम्यामुळे मागच्या काही वर्षांत कधी हॉस्पिटलात ॲडमिट व्हावं लागलं असतं तर मी बे एरियाबद्दल पुढचं बोललेच नसते. तसं नव्हतं. डॉक्टरांनी औषधांच्या जेनेरिक नावांसह इंग्रजीत पत्र दिलं, आणि कापडी मास्क बारीक धुराला काही करत नाही, एन-९५ च लागतो, खोलीत हेपा फिल्टरचा प्युरिफायर ठेव, असं सायलीला बजावलं.

पुढच्या भेटीत मी बफेलोची फाइल उघडली. बाबांच्या मते तो ‘सेफ’ पर्याय. जून २०२३ मध्ये कॅनडाच्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्क राज्यावर उतरला, न्यूयॉर्क शहर नारिंगी झालं, हे त्यांना माहीत नव्हतं. डिसेंबर २०२२ च्या नाताळात बफेलो परिसरात हिमवादळाने चाळीसहून अधिक लोक दगावले, हेही नाही. त्याचे व्हिडिओ त्यांच्या ग्रुपवर आले नव्हते, एवढंच. मी बफेलोला नावं ठेवत नव्हते. चांगलं विद्यापीठ आहे. पण राज्याच्या नावावर काट मारून काळजी मिटत नाही.

मग बाबांना काम दिलं. ‘तुम्ही कंपन्यांचे इमर्जन्सी प्लॅन वाचता ना? दोन्ही विद्यापीठांचे वाचा आणि ऑडिटसारखे प्रश्न काढा.’ हे त्यांना मनापासून आवडलं. त्यांनी ॲडमिटच्या प्रिंटआउटच्या पाठीमागे पेन्सिलीने प्रश्न लिहून आणले. एक्यूआय कितीला वर्ग बंद होतात आणि कोण ठरवतं? कॅम्पस रिकामा करायचा झाला तर ज्यांचं अमेरिकेत कोणी नाही ती मुलं कुठे जातात? परीक्षा चालू असताना झालं तर? हा प्रश्न तर अगदी रास्त. डिसेंबर २०१७ च्या थॉमस फायरमुळे सांता बार्बराच्या विद्यापीठातल्या परीक्षा जानेवारीवर गेल्या होत्या, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये सांताक्रूझच्या विद्यापीठाचा कॅम्पसच रिकामा करावा लागला होता. उलट लॉस एंजेलिसजवळच्या मालिबूचं पेपरडाइन विद्यापीठ मुलांना बाहेर न काढता आतच सुरक्षित इमारतींत थांबवतं. डिसेंबर २०२४ च्या फ्रँकलिन फायरच्या वेळी मुलं तिथल्या लायब्ररीत होती. दोन्ही पद्धतींमागे विचार आहे, पण आपल्या मुलाच्या कॉलेजची कोणती हे आईबापांना माहीत असायला हवं.

एक प्रश्न मी वाढवला: नाताळच्या सुट्टीत काय? अमेरिकन मुलं घरी जातात, आपली मुलं तिकिटाच्या पैशामुळे थांबतात, मेस बंद असते. आणि वर पाहिलंत ना, मोठे वणवे डिसेंबर-जानेवारीतही लागलेत.

घर, विमा आणि कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. ऑफ-कॅम्पस घर घेताना झाडीने वेढलेल्या डोंगरउतारावरचं, एकाच अरुंद रस्त्याचं स्वस्त घर नको. रेंटर्स इन्शुरन्स, म्हणजे भाडेकरूच्या सामानाचा विमा, घ्यायचाच. घरमालकाचा विमा तुमच्या लॅपटॉपचे पैसे देत नाही. पासपोर्ट आणि आय-ट्वेंटी (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) एका पिशवीत, इनहेलरसकट. वर्ग बराच काळ ऑनलाइन गेले तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर काय परिणाम होतो हे मित्राला न विचारता कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारायचं.

बफेलोचं उत्तर आधी आलं, नीट आणि मुद्देसूद. बे एरियाचं आठवडाभराने आलं, सुट्टीतल्या राहण्याचा प्रश्न सोडून. बाबांनी पुन्हा मेल टाकला. उत्तर येईपर्यंत डिपॉझिट भरायचं नाही यावर ते अडून बसले, आणि तिथे मी त्यांच्याच बाजूने होते. सायली चिडली, रडलीसुद्धा. शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी उत्तर आलं: सुट्टीत थांबणाऱ्यांसाठी एक हॉस्टेल उघडं असतं, आधी नाव नोंदवावं लागतं. त्याच रात्री डिपॉझिट गेलं.

बाबांनी तो मेल मला फॉरवर्ड केला, खाली एक ओळ घालून: ‘मॅडम, हे लोक ड्रिल वर्षातून एकदाच घेतात. आमच्याकडे दर सहा महिन्यांनी असतं. यावर त्यांना अजून एक मेल टाकू का?’

मी लिहिलं, टाका.