टाकीतला समुद्र : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, देवगडला घरी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी बसवली आहे. आरओचं पाणी, पाकिटातलं रीफचं (प्रवाळांच्या टाकीसाठीचं) मीठ, कोरडे कृत्रिम दगड. पहिल्या दिवशी दोन कोळंब्या टाकून कुजू दिल्या. आठव्या दिवशी अमोनिया ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) होता, आज एकोणिसाव्या दिवशी पाव. नायट्राइटचा रंग मात्र गडद जांभळा येतो, म्हणजे ५ किंवा त्याहून जास्त. दुकानदार म्हणतात, अमोनिया उतरला, आता मासे सोडा. लेक रोज विचारते. शिवाय एक मित्र होडी घेऊन मालवणच्या बाजूला जातो. तो म्हणतो, खडकावरची चार पोवळी (प्रवाळं) आणून देतो, टाकी एका दिवसात तयार होईल. काय करू? – एक वाचक, देवगड

उत्तर : मासे आत्ता सोडू नका. पोवळी तर कधीच आणू नका.

आधी माशांचं. कोळंबी कुजली की अमोनिया सुटतो. तो खाणारे जिवाणू तुमच्या दगडांवर वाढले, म्हणून अमोनिया उतरला. पण ते त्याचं नायट्राइट करून ठेवतात. नायट्राइटचं नायट्रेट करणारी दुसरी जमात उशिरा येते आणि सावकाश वाढते. तुमची टाकी या दोन जमातींच्या मधे अडकली आहे. कोरड्या दगडांवर सुरू केलेल्या टाकीला चार ते सहा आठवडे लागतातच. एकोणिसाव्या दिवशी तुमच्या वहीत जे आकडे आहेत, ते असायला हवेत तसेच आहेत.

दुकानदारांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. खाऱ्या पाण्यात क्लोराइड भरपूर असतं, त्यामुळे नायट्राइट माशाच्या रक्तात सहज शिरत नाही. गोड्या पाण्यात जेवढं ते घातक, तेवढं इथे नाही. पण माझी काळजी नायट्राइटची नाही. अजून पाव अमोनिया शिल्लक आहे आणि मासा आला की रोज नवा पडणार आहे. रीफच्या टाकीचा पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि पीएच जितका वर, तितका अमोनियाचा विषारी वाटा मोठा. गप्पी मासे गोड्या पाण्यात जे सोसून जातात, ते इथे सोसवत नाही.

माझ्या पहिल्या टाकीत मी सोळाव्या दिवशी चार डॅमसेल (छोटे रीफचे मासे) सोडले होते. पाणी इतकं नितळ होतं की मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर त्यातून वाचता येत होतं. दुसऱ्या दिवशी चौघेही वर येऊन तोंडं उघडत होते, कल्ले लालभडक. तिसऱ्या दिवशी एकही उरला नाही. मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते, नायट्रोजनचं चक्र दरवर्षी फळ्यावर काढत होते. त्या चार माशांचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून या सदरात मी दर वेळी थांबा म्हणते.

आता करायचं ते असं. कोळंबीचे उरलेले तुकडे काढून टाका. दिवे बंदच ठेवा, आत्ता उजेड फक्त शेवाळाच्या उपयोगाचा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की परीक्षा घ्या : टाकीत २ पीपीएम अमोनिया होईल इतकं अमोनियम क्लोराइड घाला. दगडांची जागा वजा करता तुमच्या टाकीत पावणेदोनशे लिटरच्या आसपास पाणी असेल, त्याला साधारण एक ग्रॅम पुरतं. हाच आपला नवसागर, पण कल्हईवाल्यांकडचा आणू नका, त्यात काय काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाचा शुद्ध घ्या. चोवीस तासांनी दोन्ही पुन्हा शून्य दिसले, तर टाकी तयार. नाही दिसले, तर आणखी एक आठवडा. दरम्यान क्षारीयतेवर, म्हणजे पीएच धरून ठेवण्याच्या पाण्याच्या ताकदीवर, लक्ष ठेवा. हे जिवाणू काम करताना ती खातात. फार खाली गेली तर काम रेंगाळतं.

एक सूचना : नायट्राइट इतकं चढलेलं असताना नायट्रेटची चाचणी खोटा, फुगलेला आकडा दाखवते. त्याने घाबरून जाऊ नका. नायट्राइट उतरल्यावर जो आकडा येईल तो खरा धरा आणि मासे सोडण्याआधी पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. त्याने जिवाणू धुऊन जात नाहीत. ते पाण्यात नसतातच म्हटलं तरी चालेल, दगडावर आणि वाळूवर चिकटून असतात.

लेकीला चाचणीच्या नळ्या हाताळू द्या. रंग जुळवून आकडा वहीत लिहायचं काम तिचं. मग पहिला मासा म्हणून हॅचरीत वाढलेली क्लाउनफिशची एकच जोडी आणा. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र कधीच बसवलंय, समुद्रातून पकडलेले घेण्याचं कारण उरलेलं नाही.

आता पोवळी. खडक बांधणारी सगळी प्रवाळं २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या (१९७२) पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. समुद्रपंखा आणि समुद्रघोडाही तिथेच. मेलेलं, किनाऱ्यावर वाहून आलेलं पोवळंसुद्धा उचलता येत नाही. आणि मालवणचा समुद्र तर १९८७पासून सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. मी तिथे पाण्यात उतरून ती प्रवाळं पाहिली आहेत. गढूळ पाण्यात, पावसाळ्याचा गाळ झेलत ती कशीबशी तग धरून असतात. तुमच्या मित्राला हे समजावून सांगा. ऐकेल तो.

दगड कमी पडत असतील तर कृत्रिमच आणखी घ्या. आपल्याकडे जांभा सच्छिद्र असतो म्हणून तो घालावासा वाटेल, घालू नका. त्यात लोह भरलेलं, चुना जवळजवळ नाही, आणि तो झिजून लाल गाळ करतो.

प्रश्न : आमच्या शिरोड्यात मिठागरं आहेत. तिथलं मीठ समुद्राचंच. ते आरओच्या पाण्यात विरघळवून टाकी भरली तर महागडं पाकीट कशाला? – एक वाचक भगिनी, शिरोडा

उत्तर : शिरोड्याच्या मिठाला १९३०च्या सत्याग्रहाचा मान आहे, आणि तुमचा प्रश्न मला मनापासून आवडला. पण ते मीठ चालणार नाही. का, ते मिठागराच्या कोंडीतच दिसतं.

समुद्राचं पाणी आटायला लागलं की आधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम खाली बसतात. कॅल्शियम तिथेच निघून जातं. मग मिठाचे खडे धरतात, ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम शेवटच्या कडू पाण्यात राहतं आणि ते पाणी सोडून देतात. स्वयंपाकाला हे उत्तमच, मॅग्नेशियम उरलं तर मीठ कडू लागतं आणि पाणी सुटतं. पण प्रवाळाला सांगाडा बांधायला लिटरमागे ४००हून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, मॅग्नेशियम त्याच्या तिप्पट. मिठागराने जे वेगळं काढलं, नेमकं तेच त्याला हवं असतं.

पैसे वाचवायचे तर मिठाऐवजी पाणीच आणा. मी वर्षातले पाच-सहा महिने समुद्राचं पाणी वापरते. डिसेंबरच्या आधी नाही. पावसाळ्यात नद्यांचं पाणी किनाऱ्याला इतकं येतं की क्षारता (हजार भाग पाण्यातलं मीठ) ३५वरून बरीच घसरते. जुलैत एकदा सहज मोजली, रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्षारता मोजायच्या उपकरणावर, ३०सुद्धा आली नाही. जेट्टीजवळ डिझेलचा तवंग असतो, तिथलं भरू नका. खाडीच्या तोंडापासून लांब जा. वेळ भरतीची, म्हणजे बाहेरचं पाणी आत येत असताना. ओहोटीला खाडीचं पाणी बाहेर पडतं. आणि दिवस भांगाचे निवडा. उधाणात तळ ढवळलेला असतो. निळ्या पिंपात, तेही पूर्वी रसायन न भरलेल्या, झाकण लावून अंधारात तीन आठवडे ठेवा, वरचं निवळ पाणी जाड कापडातून गाळून घ्या आणि क्षारता मोजूनच वापरा.

प्रश्न : एप्रिलमध्ये टाकीचं पाणी ३२ अंशांवर जातं. त्यात लाइट गेली की चार-चार तास येत नाही. – गुहागर

उत्तर : मासे कदाचित निभावून नेतील, प्रवाळं ३२ अंशांत पांढरी पडतील. २५ ते २७ धरून चाला. पाण्यावर तिरका पंखा लावला तर दोन अंश उतरतात, पण आपली हवा दमट, त्यामुळे मे-जूनमध्ये पंख्याचा जोर चालत नाही. प्रवाळं ठेवायचीच असतील तर चिलरचे (पाणी गार करणाऱ्या यंत्राचे) पैसे आधी बाजूला काढा. पंख्याने पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर साध्या आरओच्या पाण्याची, खाऱ्याची नव्हे.

लाइट गेल्यावर उष्णतेच्या आधी प्राणवायू संपतो. माशांइतकाच तो दगडावरच्या जिवाणूंनाही लागतो. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं तेव्हा आमच्याकडे सलग अडीच दिवस अंधार होता. माझी टाकी बॅटरीवर चालणाऱ्या हवेच्या दोन पंपांवर तगली. त्या दिवसांत माशांना काही घातलं नाही, न खाल्ल्याने ते मरत नाहीत. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त पाणी फिरवणारा एक पंप जोडा, दिवे नकोत. आणि एप्रिल लागण्याआधी एका दुपारी मेन स्विच स्वतः बंद करून बघा, बॅटरी खरोखर किती तास टिकते ते.