वाचक विचारतात : धावत्या गाडीतलं कपाट

प्रश्न : आम्ही पर्थला राहतो. एका आसाचा जुना कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचा राहण्याचा ट्रेलर, घेतला आहे. पाटीवर कमाल वजन १५०० किलो, रिकाम्याचं ११५० किलो. आत ओटा, कपाट आणि पलंगपेटी स्वतः करायची आहे. १८ मिमी मरीन प्लायच्या सहा शीट आणि ८० लिटरची पाण्याची टाकी धरली आहे. पुढच्या कोरड्या मोसमात दोन्ही मुलांना घेऊन ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडचा गिब रिव्हर रोड करायचा बेत आहे. सोबत आराखडा पाठवतो. काही बदल सुचवाल का?

उत्तर : आराखडा देखणा आहे, पण तो फ्लॅटचा आहे. आधी हिशोब करू. १५०० मधून ११५० गेले, हातात ३५० राहिले. १८ मिमी मरीन प्लायची आठ बाय चारची शीट साधारण ३५ किलोची. सहांचे २१०, कापाकापीत वाया जाणारं सोडलं तरी १८० किलो ट्रेलरवर चढणारच. पाण्याचे ८०. उरलेल्या ९० किलोंत फ्रिज, बॅटरी, गॅसची टाकी, किराणा आणि चौघांचे कपडे बसवा बघू! त्यात ते ११५० छापील. मागच्या मालकाने काय काय जोडून ठेवलंय कोण जाणे. लाकूड आणायच्या आधी ट्रेलर वजनकाट्यावर नेऊन या.

मी दापोडीच्या एसटी कार्यशाळेत बॉडीवर काम केलेला माणूस, त्यामुळे जाड फळीचा मला मोह नाही. घरातल्या कपाटावर भार वरून खाली येतो. धावत्या गाडीत तो ब्रेकला पुढे, वळणाला बाजूला आणि खड्ड्यात उलटा वरही जातो. तिथे जोड तग धरतो की नाही, एवढंच बघायचं. पॉप्लरचा १२ मिमी प्लाय घ्या, शीट साधारण १६ किलोला बसते. आतल्या आडोशांना ९ मिमी पुरे. प्रत्येक कोपऱ्यात आतून २० बाय २० मिमीची हलक्या लाकडाची पट्टी, पॉलियुरेथेन गोंद, आणि गोंद सुकेपर्यंत धरून ठेवायला स्क्रू. नुसत्या स्क्रूवर विसंबू नका. प्लायच्या कडेत मारलेला स्क्रू थरथरीने स्वतःचं भोक मोठं करतो. न दिसणाऱ्या आडोशांना मधोमध मोठी गोल भोकं पाडा, कडेला ६०-७० मिमी ठेवून. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डाचं नाव काढू नका, जड ते जड आणि पाणी लागलं की फुगतात.

सनमायकाही नको. १ मिमीची शीट चार किलोंच्या पुढे जाते, शिवाय पातळ प्लायवर एकाच बाजूने लावली तर फळी वाकते. पॉलियुरेथेन वार्निशचे हात द्या, कडांना जास्त.

आराखड्यात अकरा ड्रॉवर मोजले. घरच्यांची फर्माईश असावी! ड्रॉवर म्हणजे पेटीत पेटी, वर लोखंडी चॅनेलच्या जोड्या. ओट्याखाली दोन ठेवा, दाबून उघडणाऱ्या कुलुपाचे. बाकी ठिकाणी समोर चार बोटं उंच पट्टी असलेले उघडे कप्पे करा आणि त्यात झाकणाचे प्लास्टिकचे डबे. तुमच्या त्या रस्त्यावरची लाल धूळ प्रत्येक फटीतून आत येते, झाकण लागतंच. कपड्यांना तर लाकूडच नको, कॅनव्हासचे टांगते कप्पे शिवून घ्या. एवढं केलंत तर लाकूडकाम ८० किलोंच्या आसपास आटपेल.

गिब रिव्हर रोड साडेसहाशे किलोमीटरहून लांब आणि बहुतेक कच्चा, पन्हाळी पत्र्यासारखा आडव्या वळ्यांचा. म्हणून कपाट बाहेरच्या पत्र्याला रिव्हेट करू नका. खालच्या लोखंडी आडव्या पट्ट्यांपर्यंत आरपार बोल्ट, रुंद वॉशर आणि नायलॉक, म्हणजे थरथरीने सैल न होणारे, नट. अ‍ॅल्युमिनियमला पोलाद टेकेल तिथे मध्ये रबर, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम कुजतं.

पाण्याची टाकी आराखड्यात अगदी मागे आहे. ती खाली, आसाच्या किंचित पुढे आणा. भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी साधारण १० टक्के टो-बॉलवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गाडीमागच्या गोळ्यावर, यायला हवं. मागे जड झालेला ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो. गॅसच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी भोकं हवीत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, आणि आतल्या बाजूला एकही फट नको. गॅसच्या नळ्यांना मात्र हात लावू नका, ते काम तिथल्या परवानाधारक गॅसफिटरचं.

प्रश्न : सात सीटच्या गाडीतल्या मागच्या सीट काढून झोपायचा कायमचा ओटा करून घ्यावा म्हणतो. सुतार तयार आहे. (नाशिक)

उत्तर : सुतार तयार असेल, आरटीओ नसेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार करू देत नाही. सीट जागेवरच ठेवून पाडा आणि त्यांच्यावर पसरणारी, तीन घड्यांची १२ मिमीची फळी करून घ्या. बिजागऱ्या पियानोच्या, म्हणजे अखंड लांब पट्टीच्या, लावा, खालून सीटला लागेल तिथे फेल्ट चिकटवा. गाडी चालू असताना मात्र फळीवर कुणी झोपायचं नाही.