चार हजार वर्षांपूर्वीच्या आजाराचं निदान: यात करिअर होतं का?

प्रश्न: माझी मुलगी पुण्यात एस.वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय प्राणिशास्त्र. नीटला गुण कमी पडले, मेडिकल हुकलं. आता तिला जुन्या सांगाड्यांवरून त्या काळचे आजार शोधायचेत. घरात सगळे विरोधात आहेत. काय करावं? – एक आई, हडपसर

ताई, नमस्कार.

विषय उत्तम आहे आणि त्याचं नावाजलेलं केंद्र तुमच्यापासून फार लांब नाही: येरवड्याचं डेक्कन कॉलेज. उदयपूरजवळ बालाथलला सुमारे 4000 वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाचा सांगाडा मिळाला. चेहऱ्याच्या हाडांची झीज आणि इतर खुणा पाहून कुष्ठरोगाचं निदान झालं. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांचा सहभाग होता.

आपल्या जिल्ह्यातलंच बघा. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला ताम्रपाषाण काळात, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरत त्या काळात, लहान मुलांना दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरत. त्या मुलांच्या दातांचा अभ्यास झालाय. दात बनत असताना मूल उपाशी राहिलं किंवा मोठं आजारी पडलं, तर त्या जागी दाताचं आवरण पातळ राहतं, कधी आडवी खाच पडते. ती पुढे भरून येत नाही. खाच दातावर कुठे आहे त्यावरून मूल तेव्हा साधारण किती महिन्यांचं होतं, तेही कळतं. मला हे फार मोलाचं वाटतं. ज्या मुलांबद्दल कुणी ओळभरही लिहिलं नाही, त्यांची तब्येत आपल्याला समजते.

आता पैशाचं. या विषयातल्या नोकऱ्या थोड्या आहेत आणि पीएच.डी.शिवाय पुढे सरकता येत नाही. पदवीनंतर पुरातत्त्वात एम.ए. किंवा मानवशास्त्रात एम.एस्सी., मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. तिच्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये येतात. नाही मिळाली तर काही वर्षं घरचा आधार लागेल. तो देता येईल का, हे आजच बसून ठरवा. मानवी शरीररचना तिनं आत्तापासून पक्की करावी. निरोगी हाड डोळ्यांत बसलं नसेल तर रोगट हाड ओळखता येत नाही.

मेडिकल हुकल्याच्या दुःखावर उतारा म्हणून ती इकडे येतेय का, एवढं मात्र प्रेमानं विचारा. हे काम संथ आहे. तुकडे साफ करायचे, जुळवायचे, मोजायचे, नोंदवायचे, महिनोन् महिने. सुट्टीत एखाद्या उत्खननात मदतनीस म्हणून जाता येतं का, ते तिनं डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागात जाऊन विचारावं. तिथून परतल्यावरही तिचं मन तेच म्हणत असेल, तर विरोध करू नका.