लहान वर्कशॉपसाठी पहिलं सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारं) मशीन घेताना काय पाहावं? नवं घ्यावं की जुनं?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत दोन लेथ आणि एक रेडियल ड्रिल आहे, पंप आणि व्हॉल्व्हच्या बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) कास्टिंगवर जॉबवर्क चालतं आणि २५ लाखांच्या आत पहिलं सीएनसी बसवायचं आहे. मी कोल्हापूरजवळ शिरोलीला याच धंद्यात आहे, म्हणून बिडाचं कास्टिंग डोळ्यांपुढे ठेवूनच सांगतो.

आधी कंपन्यांचे कॅटलॉग बाजूला ठेवा. दर महिन्याला ठरलेले येणारे पाच-सहा जॉब निवडा आणि त्यांची ड्रॉइंग काढा. ओडी (बाहेरचा व्यास), बोअर (आतलं भोक), फेसिंग, थ्रेडिंग हेच मुख्य असेल तर टर्निंग सेंटर, म्हणजे सीएनसी लेथ. पीसीडीवरची (एका वर्तुळावर आखलेली) भोकं, सपाट पृष्ठभाग आणि पॉकेट जास्त असतील तर व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन. व्हॉल्व्ह बॉडीला दोन्ही लागतं, पण भोकं सध्या जिग लावून रेडियलवर निघतायत ना? मग पहिलं मशीन टर्निंगचंच घ्या.

आता बॉडीचं एक वेगळं दुखणं. फ्लँज एका बाजूला वाढलेला असतो, चकमध्ये जॉब असंतुलित फिरतो आणि आरपीएम खाली आणावा लागतो. त्यामुळे स्पिंडल (चक फिरवणारा मुख्य दांडा) ४००० आरपीएमचा आहे हे ऐकून तुमचा काही फायदा नाही. ४००-५०० आरपीएमला टॉर्क किती मिळतो ते विचारा, स्पिंडल मोटरचा ग्राफ मागा. फिक्स्चरसकट जॉब स्विंगमध्ये (मशीनवर फिरू शकणाऱ्या कमाल व्यासात) बसतो का, बोअरिंग बार आत गेल्यावर टरेट (टूल धरून फिरणारं डोकं) कुठे आदळत नाही ना, हेही कागदावर काढून बघा. बिडाची वरची कातडी कडक असते, कट तुटक लागतो. अशा कामाला बॉक्स वे (रुंद, सपाट घसरपट्ट्या) धक्के चांगले पचवतो. एलएम गाइड (बॉल किंवा रोलरवर सरकणारी पट्टी) वेगाने हलतो, हलक्या आणि फिनिश कामाला चांगला. बिडाची भुकटी कूलंटमध्ये मिसळली की चिखल होतो आणि तो स्लाइडमध्ये शिरतो, म्हणून वायपर आणि टेलिस्कोपिक कव्हर नीट बघा.

विक्रेता सायकल टाइम सांगेल, तो स्वतः पडताळा. ५० मिमी ओडी आणि २०० मीटर प्रतिमिनिट कटिंग स्पीड धरला तर साधारण १२७० आरपीएम येतात. ०.२५ मिमी फीडने १०० मिमी लांबीचा एक कट १९ सेकंदांत होतो. त्यात टरेट फिरणं, रॅपिड, जॉब काढणं-लावणं मिळवा. बॅच २०-२५ नगांची असेल आणि प्रत्येक वेळी सेटिंगला पाऊण तास जात असेल, तर ते १९ सेकंद कितीही चांगले दिसले तरी कमाई सेटिंग खाऊन जातं.

तासाचा दर मात्र काढाच. समजा मशीनसाठी २४ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सुमारे ५१ हजार. एका पाळीत ऑपरेटर २० हजार, वीज ११ हजार, इन्सर्ट-कूलंट-देखभाल १२ हजार धरा. महिन्याला ९४ हजार झाले. २५ दिवस ८ तास म्हणजे २०० तास, त्यात प्रत्यक्ष कटिंगचे १४० धरले, तर ताशी ६७० रुपये पडतात. दोन पाळ्या चालवल्या की हप्ता तोच राहतो, बाकीचे खर्च दुप्पट होतात आणि दर ४९० च्या आसपास येतो. हे आकडे मी मांडणीसाठी घेतलेत, तुमचे तुम्ही घाला. दुसऱ्या पाळीचं काम आणि माणूस हातात नसेल, तर थोडं थांबलेलं बरं.

जुन्या मशीनच्या विरोधात मी अजिबात नाही, पण रंग बघून ते घेऊ नका. टरेटला डायल गेज लावा आणि हँडव्हीलने ०.०१ मिमीच्या एक-एक क्लिकने पुढे जा, मग उलटे फिरा. उलटताना किती क्लिक डायल हलत नाही, ते मोजा; तोच बॅकलॅश, म्हणजे स्क्रूमधला ढिलेपणा. हे चकजवळ, मध्ये आणि शेवटाला अशा तीन ठिकाणी करा. फानुक ०आय मालिकेच्या कंट्रोलरमध्ये बॅकलॅशची भरपाई पॅरामीटर १८५१ मध्ये असते. तिथे मोठा आकडा टाकून घासलेला बॉलस्क्रू (स्लाइड सरकवणारा स्क्रू) झाकता येतो, म्हणून तो आकडाही उघडून बघा. स्क्रू बहुधा जिथे रोज काम चालतं तिथेच जास्त घासतो, आणि सगळ्या लांबीला एकच भरपाई पुरत नाही. त्यामुळे तीन ठिकाणचे आकडे वेगवेगळे आले की खरं काय ते कळतं.

मग स्पिंडल अर्धा तास चालवा, बेअरिंगचा आवाज ऐका, हात लावून गरमपणा बघा. तुमचं कास्टिंग सोबत न्या. ऑफसेटला (टूलच्या मापाच्या दुरुस्तीला) हात न लावता २० नग सलग काढायला सांगा आणि ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मोजा. पॅरामीटरचा बॅकअप आणि इलेक्ट्रिकल ड्रॉइंग मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या कंट्रोलरची बॅटरी संपली की पॅरामीटर उडतात, आणि बॅकअप नसेल तर उभं मशीन निव्वळ लोखंड होतं. नवं मशीन घेतलंत तरी सलग २० नगांची ही चाचणी ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

अचूकतेबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवी. मापाचं प्रमाण तापमान २० अंश आहे. १०० मिमी व्यासाचा बिडाचा जॉब १० अंशांनी तापला, तर तो सुमारे १० मायक्रॉन वाढतो. सांगलीच्या एप्रिलमध्ये मशीनवरून काढलेला गरम नग लगेच मोजून ऑफसेट बदलला, तर चांगल्या मशीनवरही माप हुकतं. मशीनजवळ सर्फेस प्लेट आणि मास्टर (ठरलेल्या मापाचा नमुना) ठेवा आणि जॉब थंड होऊ द्या.

महावितरणचा मंजूर भार, वेगळं अर्थिंग आणि सर्व्हो स्टॅबिलायझर यांचा खर्च बजेटमध्ये आजच धरा, मशीन आल्यावर नको. शेवटच्या दोन पर्यायांत किंमत जवळजवळ सारखी असेल, तर ज्यांचा सर्व्हिस इंजिनिअर कोल्हापूर-सांगली भागात राहतो ते घ्या. त्यासाठी विक्रेत्याकडून तीन ग्राहकांचे पत्ते मागा आणि तिथे जाऊन थेट ऑपरेटरला विचारा, की मशीन बंद पडल्यावर माणूस किती दिवसांनी आला.

तुमच्या लेथवरच्या कारागिरांपैकी ज्याला टूलचा कोन आणि कटचा आवाज कळतो, त्यालाच सेटर करा. जी आणि एम कोड, म्हणजे मशीनच्या प्रोग्रामची भाषा, तो काही आठवड्यांत शिकेल. मशीन यायच्या आधी त्याला ट्रेनिंगला पाठवा.

जॉबचा सगळ्यात मोठा व्यास, वजन, सगळ्यात कडक टॉलरन्स आणि महिन्याची संख्या इथे लिहिलीत, तर चक केवढा घ्यावा ते नेमकं सांगता येईल.