खुब्याचं फ्रॅक्चर स्क्रूने जुळलं, पण दीड वर्षाने जांघेत दुखतंय. हाड पुन्हा बिघडू शकतं का?
हो, फ्रॅक्चर जुळल्यावरही मांडीच्या हाडाचा गोळा रक्तपुरवठ्याअभावी मरू शकतो; याला एव्हीएन म्हणतात आणि तो बहुधा पहिल्या 2 वर्षांत, कधी त्याहूनही उशिरा दिसतो. गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक धमन्या हाडाच्या मानेला, म्हणजे गोळ्याखालच्या अरुंद भागाला, लगटून वर जातात. मान मोडून हाड सरकलं की त्याच तुटू शकतात, आणि स्क्रू नीट बसले म्हणून ते नुकसान भरून निघतंच असं नाही. सुरुवातीला एक्स-रे अगदी नॉर्मल येतो, त्यामुळे तेवढ्यावर कृपया समाधान मानू नका. डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा. गोळा खचण्याआधी कळलं तर उपचाराचे पर्याय जास्त असतात. मात्र फ्रॅक्चर मानेच्या खाली, ट्रोकँटरच्या (हाडाच्या उंचवट्याच्या) भागात असेल तर एव्हीएन क्वचितच होतो. तिथे आधी स्क्रू सैल झालाय का ते पाहतात.