दात आजच पडायचा होता का?

"लहानपणी मी कोणीतरी होते हो. आता कोणीच नाही."

मी मानसोपचार करते, आणि हे वाक्य इतक्या तोंडांतून ऐकलंय की समोरच्यानं 'लहानपणी' म्हटलं की पुढचं मला पाठ असतं. दहावीला बोर्डात आलेला मुलगा तिशीत येऊन हेच म्हणतो. गाण्याच्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये शेवटच्या फेरीपर्यंत गेलेली मुलगी म्हणते. पोहण्यात पदकं मिळवलेला एक जण तर पदकांची पिशवीच घेऊन आला होता, पुरावा म्हणून. घरचे वैतागलेले असतात. "अगं, पण आता काय वाईट चाललंय तुझं?" वाईट काहीच चाललेलं नसतं, आणि तेच तर या माणसांना कोणाला समजावून सांगता येत नाही.

या सगळ्यांना मी एकाच मुलीची गोष्ट सांगते, कारण तिच्यात हा प्रकार भिंगाखाली धरल्यासारखा ठळक दिसला. तिची परवानगी घेतली आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. तिला शलाका म्हणू या. वय अठ्ठावीस. सातव्या वर्षी एका रोजच्या मालिकेत तिला काम मिळालं आणि पुढची चार वर्षं ती घराघरातली 'चिऊ' होती. (हेही नाव बदललेलं.) आता एका कंपनीत हिशेब बघते. झोप लागत नाही, चिडचिड होते, म्हणून आली होती.

पहिल्या भेटीत खुर्चीत टेकायच्या आधीच तिनं विचारलं, "तुम्ही मला ओळखलं नाहीत ना?"

"नाही. मी मालिका बघत नाही." हे मी जरा ताठ्यानंच म्हणाले असणार. तिचा चेहरा सुटल्यासारखाही झाला आणि दुखावल्यासारखाही. ते दोन्ही मी टिपून ठेवलं.

तिची तक्रार लोकांबद्दल होती. रांगेत, लिफ्टमध्ये कोणीतरी निरखून बघतं आणि म्हणतं, "तू चिऊ ना? किती बदललीस!" मग हिचा दिवस खराब. आणि हल्ली असं विचारणारे कमी होत चाललेत, त्यानंही दिवस खराब.

"म्हणजे ओळखलं तर राग, नाही ओळखलं तरी राग," मी म्हटलं. "मग बिचाऱ्या लोकांनी करायचं काय?"

ती हसली. हसली की काम सुरू करता येतं.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या घराण्यातली. आमच्याकडे शिकवतात की घडलेल्या गोष्टीनं माणूस जेवढा आजारी पडत नाही, तेवढा त्या गोष्टीबद्दल स्वतःशी जे बोलत राहतो त्यानं पडतो. मराठीत तर ही सोय फारच छान आहे. वाक्यातला 'च' शोधायचा. 'लोकांनी ओळखलं तर बरं वाटतं' यात काही बिघडलेलं नाही, 'लोकांनी ओळखलंच पाहिजे' म्हटलं की बिघाड सुरू. चार बैठका आम्ही हा 'च' कुरतडत बसलो. लिफ्टमधला राग उतरला. झोप मात्र येईना. आणि मध्येच एकदा, अगदी सहज, ती म्हणाली की ऑफिसात दोनदा बढती देऊ केली होती, दोन्ही वेळा तिनं नको म्हटलं.

"का?"

"नको वाटलं. आहे ते चाललंय की."

तिथे माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या 'च'च्या मागे लागले होते. इतकी वर्षं काम करूनही असं होतं, आणि झालं की मला मनातून थोडी मजाही वाटते. खरा गुंता आता कुठे सुरू होणार असतो.

तिनं मालिकेचा एकही भाग मोठेपणी बघितला नव्हता. मी म्हटलं, पुढच्या वेळी एक घेऊन ये. आवाज बंद करून बघू. आणि अट एकच, ही तू नाहीस, शेजारच्यांची मुलगी आहे असं समजून बघायचं.

पाचवी बैठक. टेबलावर तिचा लॅपटॉप, पडद्यावर आजोबांच्या मांडीवर बसून काहीतरी हट्ट करणारी मुलगी. दोन मिनिटं शलाका एखाद्या परीक्षकासारखी बघत होती. मग एकदम तिनं चित्र थांबवलं.

"हा दात खोटा आहे."

"कशावरून?"

"जिभेनं ढकलतेय बघा सारखी. अर्धा सीन सकाळी झाला होता. ब्रेकमध्ये खाताना वरचा दात हातात आला. कंटिन्यूइटी गेली ना! सकाळी दात आहे आणि त्याच सीनमध्ये दुपारी नाही. असिस्टंट दादा डोक्याला हात लावून बसले. सगळं युनिट थांबलं. शेवटी डेंटिस्टकडून तात्पुरता बसवून आणला."

"आणि तू काय केलंस?"

"मी? मी सगळ्यांना सॉरी म्हणत फिरले. मेकअप दादांना, लाइटवाल्या दादांना, आजोबांचं काम करणाऱ्या काकांना." ती हसत होती. हा तिचा नेहमीचा किस्सा असावा, सांगून सांगून गुळगुळीत झालेला.

"दात पडल्याबद्दल सॉरी?" मी एवढंच विचारलं.

ती थांबली. पडद्यावरच्या मुलीकडे बघत राहिली. बराच वेळ. मी घड्याळाकडे न बघण्याची काळजी घेतली.

"उंचीबद्दलपण," ती म्हणाली. "दहाव्या वर्षी मी एकदम उंच व्हायला लागले. फ्रॉक लांब असायचा. मी आत गुडघे वाकवून उभी राहायचे, कॅमेऱ्यात कळायचं नाही. कोणी सांगितलं नव्हतं हं. माझं मीच शोधून काढलं होतं." मग अगदी हळू, "तरी लीप आलाच."

मालिका न बघणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी सांगते. मालिकेची गोष्ट एका उडीत दहा-बारा वर्षं पुढे नेतात, त्याला लीप म्हणतात. एका सोमवारी चिऊ वीस वर्षांची झाली. दुसरीच कोणीतरी. अकरा वर्षांची शलाका घरी बसून तो भाग बघत होती.

आता मला बोलू द्या, कारण या जागेवर मी पुष्कळ दिवस विचार केला आहे. आपण समजतो की बालकलाकाराचं दुःख प्रसिद्धी गेल्याचं असतं. असेल कोणाचं. शलाकाचं नव्हतं. तिच्या कामानं तिला एक धडा दिला होता, पुराव्यासकट: वाढणं ही चूक आहे, आणि चुकीची शिक्षा म्हणजे आपल्या जागी दुसरी येते. अकरा वर्षांच्या मुलीनं हा निष्कर्ष काढला तर तिला वेडी म्हणता येत नाही. त्या वयात ते धडधडीत खरं होतं. अडचण एवढीच की अठ्ठावीसाव्या वर्षीही ती फ्रॉकच्या आत गुडघे वाकवून उभी होती. बढती नको, कारण बढती म्हणजे उंची. मला हवा होता तो 'च' इथे होता: 'मोठं व्हायचंच नाही.'

आणखी एक गोष्ट मला त्याच क्षणी दिसली. पडद्यावरच्या मुलीच्या कपाळावर भुवयांपर्यंत सरळ कापलेले केस होते. समोर बसलेल्या शलाकाच्याही. तस्सेच. पाच बैठका माझ्या डोळ्यांसमोर होते. मी बोलले नाही. बोलायचा मोह आवरता येणं ही आमच्या धंद्यातली अर्धी विद्या.

तिच्या एकटीच्या डोक्यातून निघालेला हा प्रकार नाही, हेही सांगायला हवं. या व्यवसायाला मूल मूलच राहिलेलं आवडतं. प्रभातच्या 'रामशास्त्री'त (१९४४) छोटी बायको झालेल्या शकुंतला पुढे नायिका झाल्या, तरी शेवटपर्यंत 'बेबी शकुंतला'च राहिल्या. हिंदीतल्या बेबी नाझ यांच्या कामाची १९५५ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात खास दखल घेतली गेली, पण मोठेपणी वाट्याला आल्या त्या बहुतेक दुय्यम भूमिका. हॉलिवूडच्या शर्ली टेंपलचं वय तर एक वर्षानं कमीच सांगत असत. ते तिलाही ठाऊक नव्हतं. बारावा वाढदिवस म्हणून केक कापायला निघाली तेव्हा कळलं की तेरावा आहे. पडलेल्या दुधाच्या दातांच्या जागी तिलाही खोटे दात लावत. हे मी शलाकाला सांगितलं तेव्हा ती इतक्या मोठ्यानं हसली की बाहेर बसलेल्या पुढच्या माणसानं दार किलकिलं करून बघितलं. तीच शर्ली पुढे १९७४ साली घानात आणि १९८९ साली चेकोस्लोव्हाकियात अमेरिकेची राजदूत होती. शलाकाला हे माहीत नव्हतं. कोणालाच नसतं, सगळ्यांना कुरळे केस आठवतात.

सहाव्या बैठकीला तिनं आईला आणलं. अशा वेळी सगळ्यांना दुष्ट आई हवी असते, मुलीच्या पैशावर जगलेली. या बाईंनी पै न पै मुलीच्या नावावर ठेवली होती. दाताचा विषय निघाल्यावर त्या खुलल्या. "अहो मॅडम, काय गोंधळ झाला होता! मी तर हिला म्हटलं, अगं बाई, आजच पडायचा होता का हा?"

आईसाठी ती गंमत होती. शलाकानं ते वाक्य सतरा-अठरा वर्षं जपून ठेवलं होतं, पण कोणाचं वाक्य ते विसरली होती. तिला वाटत होतं, दिग्दर्शक म्हणाले होते. आई म्हणाल्या आणि तिनं मान वर केली. पुढची दहा मिनिटं मी खोलीत नसते तरी चाललं असतं. आईंनी दोनदा "तसं नव्हतं गं म्हणायचं मला" म्हटलं, तिसऱ्यांदा नुसता हात धरला.

म्हणून आईवडिलांना आधी सांगते. मुलाला काम मिळत असेल तर 'करू द्यावं का' असं मला विचारतात. मी नाही म्हणत नाही. पण नियम माहीत करून घ्या. आपल्याकडे बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या सुधारित नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांहून जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांहून जास्त नाही. निर्मात्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते, आणि कमाईचा निदान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवा. पैशांबाबत असे कायदे उगाच होत नाहीत. अमेरिकेत जॅकी कूगन या बालनटानं १९३८ साली आपल्या कमाईसाठी स्वतःच्या आईवर आणि सावत्र वडिलांवर दावा लावला, तेव्हा कुठे १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाला जाग आली आणि बालकलाकारांची कमाई राखणारा कायदा झाला.

नियमात नसलेलं मी सांगते. काम संपणार आहे आणि ते तू मोठी होणार म्हणूनच संपणार आहे, हे मुलाला पहिल्या दिवशी सांगा. उंची वाढली तर घरी आनंद करा, युनिटला काय वाटायचं ते वाटो. पडलेला दात दाखवायला मूल आलं की सगळं बाजूला ठेवून तो दात बघा. आणि खरं रडू आणायला खरी भीती वापरू देऊ नका. शलाका ग्लिसरीनशिवाय रडायची, त्याचं केवढं कौतुक. कसं जमायचं विचारलं तर सहज म्हणाली, "आई मेली असं समजायचं." १९३१ साली जॅकी कूपर या लहान मुलाला रडवण्यासाठी दिग्दर्शकानं त्याच्या कुत्र्याला गोळी घातल्याचं नाटक केलं होतं. पन्नास वर्षांनी त्यानं आत्मचरित्राच्या नावातच ते घातलं. मुलं विसरत नाहीत हो. विसरल्यासारखं करतात.

आणि जे स्वतः 'लहानपणी कोणीतरी' होते त्यांना. 'विसर आता ते' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, पदकं माळ्यावर टाकायचीही गरज नाही. उलट एकदा नीट बघा, शेजारच्यांचं मूल बघावं तसं. माझं काय गेलं हे विचारू नका, ते विचारून झालंय. त्या मुलानं त्या यशावरून काय धडा घेतला, ते विचारा. बोर्डात आलेल्या त्या मुलानं घेतला होता, 'जिथे पहिला येणार नाही तिथे बसायचंच नाही', आणि तिशीपर्यंत एकही परीक्षा दिली नाही. पदकांची पिशवीवाला नऊ वर्षांत पाण्यात उतरला नव्हता, कारण नुसतं पोहायला उतरायचं असतं हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. प्रत्येकाचा धडा निराळा. माझ्या अनुभवात तो एका वाक्याचा असतो आणि त्यात 'च' सापडतो. वाक्य सापडलं की मात्र लगेच झोप वगैरे लागत नाही. शलाकाला तीन महिने लागले. तिसऱ्यांदा बढती आली तेव्हा तिनं हो म्हटलं, मग आठवडाभर मला रोज मेसेज करून नाही म्हणू का विचारत होती. मी एकाही मेसेजला हो-नाही लिहिलं नाही.

परवा ती सहज येऊन गेली. कपाळावरचे केस दोन्ही बाजूंना पिनांनी मागे घेतलेले, एक बट तरी सुटून नाकावर आलेली. मी काही विचारलं नव्हतं.

"वाढवतेय," ती बट फुंकरीनं उडवत म्हणाली. "ना लहान ना मोठे झालेत. सारखे डोळ्यात जातात. वैताग आहे नुसता."